मीठ, रक्तवाहिन्या व रोगप्रतिकारक्षमता

आहारात वापरले जाणारे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड हे संयुग होय. त्यात वजनाने सु. ३९% सोडियम असते. म्हणजेच १ ग्रॅ. सोडियम सु. २·५ ग्रॅ. मिठातून मिळते. कोशिकांबाहेरील द्रवाचे आकारमान कायम राखणे, तंत्रिकांतून (मज्जातंतूंतून) संदेश वाहून नेणे व स्नायूंचे आकुंचन घडवून आणणे या कार्यांसाठी सोडियम अपरिहार्य आहे. मात्र शरीराची ही गरज अल्प असून प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सरासरी सेवन १०·८ ग्रॅ., म्हणजे शिफारशीच्या दुपटीहून अधिक आहे. भारतात २०१७-१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ते सु. ८ ग्रॅ. आढळले. अतिरिक्त मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध विसाव्या शतकाच्या आरंभीच वैद्यांच्या लक्षात आला होता. हे मीठ रक्तवाहिन्यांच्या भित्तींवर आणि रोगप्रतिकारक कोशिकांवर थेट परिणाम करते, ही गोष्ट मात्र गेल्या काही दशकांतच स्पष्ट होऊ लागली. या दोन शोधांचा इतिहास व त्यांचा परस्परसंबंध यांचे विवेचन येथे केले आहे.

प्राचीन कल्पना : अन्नाला रुची आणणारे व ते टिकविणारे द्रव्य म्हणून मीठ सर्व प्राचीन संस्कृतींत मोलाचे मानले जाई; तथापि त्याच्या अतिरेकाविषयी सावधगिरीचे इशारेही जुन्या वैद्यकग्रंथांत आढळतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात वापरू नयेत, असे सांगितले आहे. लवणाच्या अतिसेवनाने ग्लानी, शैथिल्य व दौर्बल्य येते, असे सांगून दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या काही प्रदेशांतील लोकांचे उदाहरण तेथे दिले आहे. चीनमधील ह्वांग-दी नै-जिंग या प्राचीन ग्रंथात अतिखारट आहाराचा संबंध नाडीच्या बदलाशी जोडलेला आहे. ही निरीक्षणे मार्मिक असली, तरी ती आजच्या अर्थाने रक्तदाबाविषयीची नव्हेत. कारण रक्तदाब मोजण्याचे साधनच तेव्हा अस्तित्वात नव्हते.

मानवाच्या शरीररचनेची घडण मिठाच्या दुर्भिक्षाच्या काळात झाली. दोन्ही वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो व त्याबरोबर सु. १·५ किग्रॅ. मीठ गाळले जाते. त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मीठ वृक्के पुन्हा शोषून घेतात. मीठ राखून ठेवण्यात कुशल असलेली ही यंत्रणा जादा मीठ बाहेर टाकण्याच्या कामी मात्र सर्व माणसांत सारखी कार्यक्षम नसते. अन्न खारवून टिकविण्याची प्रथा रूढ झाल्यावर आणि पुढे मीठ स्वस्त झाल्यावर या यंत्रणेवर पडणारा भार वाढला.

रक्तदाबाशी संबंध : शीप्योने रीव्हा-रॉत्ची या इटालियन वैद्यांनी १८९६ मध्ये दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत सुचविली आणि १९०५ मध्ये रशियन शस्त्रक्रियाविशारद निकोलाय कोरॉटकॉव्ह यांनी तीत श्रवणपद्धतीची भर घातली. याच सुमारास, १९०४ मध्ये, पॅरिसमधील लेओ आंबार व एझेन बोझार यांनी आपल्या रुग्णांच्या आहारातील मीठ व मूत्रावाटे उत्सर्जित होणारे क्लोराइड यांचा ताळेबंद मांडला. शरीरात मीठ साठले की, रक्तदाब वाढतो व ते बाहेर पडले की, तो उतरतो, असे त्यांना दिसून आले. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी १९२० नंतर मीठ वर्ज्य केलेला आहार उच्च रक्तदाबावर योजला. परंतु असा आहार पाळणे रुग्णांना जड जाई आणि इतर वैद्यांना तसेच परिणाम नेहमी मिळत नसत. त्यामुळे हा उपचार मागे पडला.

त्याला पुन्हा चालना दिली ती मूळच्या जर्मन असलेल्या वॉल्टर केम्पनर (१९०३–९७) यांनी. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात त्यांनी भात, फळे, फळांचा रस व साखर एवढ्यांवरच आधारलेला आहार १९३९ पासून वापरण्यास सुरुवात केली. या आहारातील मीठ दिवसाला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असे. तीव्र उच्च रक्तदाबाच्या ज्या रुग्णांसाठी त्या काळी परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते, त्यांपैकी अनेकांचा रक्तदाब उतरला, वाढलेले हृदय आकाराने कमी झाले व दृष्टिपटलातील रक्तस्राव नाहीसे झाले. केम्पनर यांनी घेतलेल्या दृष्टिपटलाच्या व छातीच्या छायाचित्रांमुळे, रक्तवाहिन्यांना झालेली इजा काही अंशी भरून येऊ शकते, हे प्रथमच ठळकपणे पुढे आले. मात्र त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, शिवाय या आहारात प्रथिने व स्निग्ध पदार्थही फार कमी होते. आर्थर ग्रोलमन यांनी १९४५ मध्ये केलेल्या प्रयोगांवरून या उपचारातील प्रभावी घटक मिठाची न्यूनता हाच असावा, असे सूचित झाले. मूत्रावाटे सोडियम बाहेर काढणारे क्लोरोथायझाइड हे औषध १९५८ मध्ये वापरात आल्यावर अळणी आहाराची निकड कमी झाली. पण ज्या तत्त्वावर तो आहार आधारलेला होता, त्याला या औषधाने पुष्टीच मिळाली.

डाल व गायटन यांचे कार्य : अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील लुईस डाल यांनी १९६० मध्ये अलास्कातील एस्किमो, मार्शल बेटांचे रहिवासी, अमेरिकन आणि दक्षिण व उत्तर जपानी अशा पाच लोकसमूहांची तुलना प्रसिद्ध केली. ज्या समूहात मिठाचे सेवन जास्त, त्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाणही जास्त, असे तीत दिसले. या तुलनेतील उत्तर जपानमध्ये रोजचे सेवन सु. २६ ग्रॅ. होते. डाल यांनी १९६२ मध्ये उंदरांचे दोन वाण निवडपद्धतीने निर्माण केले. एकसारखाच खारा आहार दिला असता एका वाणात रक्तदाब झपाट्याने वाढे, तर दुसऱ्यात तो जवळजवळ तसाच राही. मिठाची इजा सर्वांना सारखी होत नाही आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. एका वाणाचे वृक्क दुसऱ्यात बसविले असता रक्तदाबाची प्रवृत्तीही वृक्काबरोबर जाते, असे पुढे १९७० नंतर त्यांना आढळले. शिशुआहारात मिसळल्या जाणाऱ्या मिठाचा प्रश्नही डाल यांनीच पुढे आणला.

वृक्कांचे हे माहात्म्य अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक आर्थर गायटन (१९१९–२००३) यांनी गणिती पद्धतीने विशद केले. जादा मीठ व त्याबरोबर पाणी साठल्यास रक्तदाब वाढतो आणि वाढलेल्या दाबामुळे वृक्के जादा मीठ बाहेर टाकतात. वृक्कांची ही क्षमता मंदावली असेल, तर समतोल उच्च दाबावरच साधला जातो, असे त्यांच्या सिद्धांताचे सार आहे. या सिद्धांताने अनेक गोष्टींचा उलगडा केला; तथापि त्यात रक्तवाहिन्यांना मुख्यत्वे नळ्यांचे स्थान होते आणि रोगप्रतिकारक कोशिकांना स्थानच नव्हते.

लोकसमूहांतील पाहण्या व वाद : निरनिराळ्या देशांत वेगवेगळ्या रीतींनी जमविलेल्या आकड्यांची तुलना करण्यातील दोष टाळण्यासाठी ‘इंटरसॉल्ट’ ही पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. ३२ देशांतील ५२ केंद्रांत २० ते ५९ वयाच्या १०,०७९ व्यक्तींचे चोवीस तासांचे मूत्र एकाच पद्धतीने तपासले गेले. ब्राझीलमधील यानोमामो व शिंगू, तसेच केन्या व पापुआ न्यू गिनी येथील केंद्रांत मिठाचे सेवन अत्यल्प होते. तेथे रक्तदाब कमी होता आणि वयानुसार त्यात होणारी वाढही अगदी थोडी किंवा मुळीच नव्हती. उरलेल्या ४८ केंद्रांची तुलना करता मात्र संबंध तितका ठळक दिसला नाही. त्यामुळे समर्थक व आक्षेपक अशा दोन्ही पक्षांनी याच पाहणीचा आधार घेतला. आहार काटेकोरपणे ठरवून केलेल्या ‘डॅश-सोडियम’ या २००१ मधील प्रयोगात मीठ टप्प्याटप्प्याने कमी केले, तसतसा रक्तदाब उतरला. पुढे २०१४ मध्ये अनेक देशांतील एका मोठ्या पाहणीत फार कमी सेवन करणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. आजारामुळे ज्यांचे खाणे आधीच कमी झाले आहे, अशा व्यक्ती या गटात असू शकतात व एकदाच घेतलेल्या मूत्राच्या नमुन्यावरून सेवनाचा अंदाज अचूक येत नाही, असे आक्षेप तिच्यावर घेण्यात आले. अत्यल्प सेवनाविषयीचा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. अतिसेवन अपायकारक आहे, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाही.

रक्तवाहिन्यांवरील थेट परिणाम : रक्तदाबाचा आकडा हाच एकमेव निकष नव्हे, याच्या खुणा बऱ्याच आधी मिळाल्या होत्या. अमेरिकन वैद्य लुईस टोबियन यांना १९५२ मध्ये उच्च रक्तदाब असलेल्यांच्या रोहिण्यांच्या भित्तींत सोडियम व पाणी जास्त आढळले. टोबियन व त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखविले की, रक्तदाब न वाढताही अतिखारा आहार रोहिण्यांना इजा करतो व मृत्यूचे प्रमाण वाढवितो.

हे कसे घडते, हे कळण्यासाठी रक्तवाहिनीच्या अंतःस्तराचे कार्य समजणे आवश्यक होते. एकेरी कोशिकांचा हा पातळ थर केवळ अस्तर आहे, अशी पूर्वी समजूत होती. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये असे दाखविले की, या थरातून रक्तवाहिनी सैल करणारा एक पदार्थ स्रवतो. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू होय, हे १९८७ च्या सुमारास निश्चित झाले व या शोधाबद्दल फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिड मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीतील हान्स ओबरलाइटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या कोशिकांचा ताठरपणा अतिसूक्ष्म सुईने चाचपून मोजला. ॲल्डोस्टेरोन या हॉर्मोनाच्या सान्निध्यात द्रवातील सोडियम किंचित वाढविले तरी कोशिका ताठर होतात व त्यांतून नायट्रिक ऑक्साइड कमी स्रवते, असे त्यांना आढळले. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये निरोगी व्यक्तींना सु. ४ ग्रॅ. मीठ असलेले एक जेवण दिले असता अर्ध्या तासातच दंडातील रोहिणीची प्रसरणक्षमता कमी झाली. एका जेवणाचा असा परिणाम तात्पुरता असतो. परंतु तो वर्षानुवर्षे दिवसातून अनेकदा घडत राहिला, तर रोहिण्यांचा लवचिकपणा कमी होण्यास हातभार लागतो, असे मानले जाते. रोहिणी ताठर झाली की, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का मेंदू व वृक्क यांतील सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत जाऊन पोहोचतो.

रोगप्रतिकारक्षमतेशी संबंध : शरीरात साठलेले सर्व सोडियम पाण्यात विरघळून रक्तात व ऊतकद्रवात सम प्रमाणात पसरते, ही समजूत एकविसाव्या शतकाच्या आरंभी डळमळीत झाली. येन्स टिट्झे व त्यांच्या सहकाऱ्यांना सोडियमाचा काही साठा त्वचेत होतो, असे आढळले. तेथे जमलेल्या सोडियमाची जाणीव महाभक्षी कोशिकांना (बाह्य पदार्थ गिळून टाकणाऱ्या मोठ्या कोशिकांना) होते. त्या एक प्रथिन स्रवून लसीका वाहिन्यांची वाढ घडवितात आणि त्यामुळे साठा वाहून जाण्यास मदत होते, असे उंदरांवरील प्रयोगांत २००९ मध्ये दिसून आले. या कोशिका काढून टाकल्यास खाऱ्या आहाराने रक्तदाब अधिक वाढे. मॉस्को येथे मंगळयात्रेचा सराव म्हणून बंदिस्त कक्षात राहिलेल्या स्वयंसेवकांना रोज ठराविक मीठ दिले असतानाही त्यांच्या मूत्रातील सोडियम सु. आठवड्याच्या लयीने कमीजास्त होत होते (२०१३). गायटन यांच्या चित्रात नसलेली रोगप्रतिकारक कोशिका अशा रीतीने मिठाच्या व्यवस्थापनात सहभागी ठरली.

उलट दिशेनेही पुरावा मिळाला. टोमाश गुझिक, डेव्हिड हॅरिसन इत्यादींनी २००७ मध्ये असे दाखविले की, टी लसीका कोशिका नसलेल्या उंदरांत अँजिओटेन्सिन या हॉर्मोनाने होणारी रक्तदाबाची वाढ फारच कमी असते. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार मिठाचे प्रमाण वाढल्यास टीएच-१७ या शोथकारक (दाहकारक) कोशिकांची निर्मिती वाढते आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आत्मरोगप्रतिरक्षाजन्य विकार उंदरांत अधिक तीव्र होतो. २०१७ मध्ये याला आतड्यातील सूक्ष्मजंतूंची जोड मिळाली : खाऱ्या आहाराने लॅक्टोबॅसिलस वंशातील काही जंतू घटतात व टीएच-१७ कोशिका वाढतात, असे आढळले. २०१८ मधील प्रयोगात या कोशिकांनी आतड्यात स्रवलेले इंटरल्यूकीन-१७ हे द्रव्य रक्तावाटे मेंदूच्या वाहिन्यांपर्यंत पोहोचून तेथील नायट्रिक ऑक्साइड कमी करते, असे दिसले. रक्तदाब न वाढताही उंदरांचा मेंदूकडील रक्तप्रवाह घटला व आकलनशक्ती मंदावली. रक्तवाहिन्यांचा व रोगप्रतिकारक्षमतेचा असे वेगवेगळे चाललेले दोन अभ्यास येथे एकत्र आले.

मीठ रोगप्रतिकारक्षमता वाढविते की घटविते, या प्रश्नाचे उत्तर स्थानानुसार बदलते. त्वचेत साठलेले सोडियम महाभक्षी कोशिकांना जंतूंशी लढण्यास साहाय्य करते, असे २०१५ मध्ये आढळले. याउलट बॉन येथील क्रिस्टियान कुर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे दाखविले की, खारा आहार दिलेल्या उंदरांत वृक्काचा जंतुसंसर्ग बळावतो. कारण जंतू मारणाऱ्या उदासीनरागी श्वेत कोशिकांची शक्ती हॉर्मोनांतील बदलांमुळे क्षीण होते. निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर रोज ६ ग्रॅ. जादा मीठ दिले असता त्यांच्याही या कोशिकांची जंतुनाशक क्षमता घटली. शोथ वाढणे व जंतूंचा प्रतिकार कमी होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी संभवतात, असा याचा अर्थ होतो.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. उंदरांना दिलेला आहार बऱ्याचदा त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या ८ ते १६ पट खारा होता आणि मानवी स्वयंसेवकांची संख्या अल्प होती. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या २०१७ मधील एका मोठ्या अभ्यासात मिठाचे सेवन व रोगाची प्रगती यांचा संबंध आढळला नाही. म्हणून मीठ कमी केल्याने आत्मरोगप्रतिरक्षाजन्य विकार टळतात, असे आज म्हणता येत नाही. रक्तदाब व पक्षाघात यांविषयीचा पुरावा मात्र पक्का आहे.

सामाजिक बाजू : भारतात मिठाच्या प्रश्नाचे स्वरूप एकेकाळी अगदी उलट होते. ब्रिटिश अमदानीतील मिठावरील कराचा भार गरिबांवर पडे. त्याविरुद्ध १९३० मध्ये दांडी येथे व महाराष्ट्रात शिरोडे आदी ठिकाणी सत्याग्रह झाला आणि १९४७ मध्ये तो कर रद्द झाला. सर्वांच्या घरात पोहोचणारे स्वस्त द्रव्य म्हणूनच गलगंडाच्या निवारणासाठी आयोडीनयुक्त मिठाची निवड झाली व १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मीठ कमी करण्याचा सल्ला व आयोडीनयुक्त मीठ वापरण्याचा सल्ला यांत विरोध नाही. मिठाचे प्रमाण घटल्यास त्यातील आयोडिनाचे प्रमाण त्या मानाने वाढविता येते.

औद्योगिक देशांत मिठाचा मोठा भाग कारखान्यात तयार झालेल्या अन्नातून येतो. १९९१ मधील एका अमेरिकन अभ्यासात हा वाटा ७७% आढळला. म्हणजे आपण किती मीठ खातो, हे तेथे खाणारा फारसा ठरवीत नाही. भारतात अद्याप बराचसा वाटा घरच्या स्वयंपाकाचा तसेच लोणची, पापड यांसारख्या पदार्थांचा असला, तरी तयार खाद्यपदार्थांचा वापर वाढत आहे. जपानमध्ये १९५१ ते १९८० या काळात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. मिठाविषयीचा प्रचार, प्रशीतकांचा प्रसार व रक्तदाबावरील उपचार यांच्या योगाने तेथील मृत्युमान बरेच उतरले. फिनलंडने १९९३ पासून जास्त मिठाच्या पदार्थांवर तसा इशारा छापणे बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये उत्पादकांनी हळूहळू मीठ कमी केल्यामुळे २००१ ते २०११ या काळात रोजचे सेवन ९·५ ग्रॅमवरून ८·१ ग्रॅमवर आले व ग्राहकांना चवीतील फरक फारसा जाणवला नाही. चीनमधील ६०० खेड्यांतील २०,९९५ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात (२०२१) सोडियम क्लोराइडाचा चौथा हिस्सा काढून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले मीठ वापरल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी व मृत्यूचे १२ टक्क्यांनी घटले. वृक्कविकार असलेल्यांना मात्र असे मीठ धोक्याचे ठरू शकते.

आंबार व बोझार यांच्यापासून आजवर जे जे मोजता आले, तेवढेच मिठाचे परिणाम मानले गेले : प्रथम मूत्रातील क्लोराइड, मग रक्तदाब, नंतर अंतःस्तराचा ताठरपणा व शेवटी श्वेत कोशिकांचे वर्तन. यांतील बहुतेक बदल वेदनारहित असल्यामुळे व्यक्तीला त्यांची चाहूल लागत नाही. अनेकांच्या बाबतीत पक्षाघात किंवा हृद्‌विकार हीच पहिली सूचना ठरते. रक्तदाब आज योग्य मर्यादेत असणे ही म्हणूनच अतिरिक्त मीठ निरुपद्रवी असल्याची खात्री नव्हे. रोजच्या अन्नातील थोडे थोडे मीठ सर्वांसाठीच कमी करणे हा एका शतकाच्या संशोधनातून निष्पन्न झालेला, अल्प खर्चाचा व बहुतेकांना पाळता येण्याजोगा उपाय आहे.